आवाज नेमका कुठे अडतो? व्हर्च्युअल मशीन आणि प्रत्यक्ष संगणक यांतील ध्वनिदोष शोधण्याची पद्धत

सांगली-मिरज परिसरात व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या आत एका खिडकीत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकाचा, वापर आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. विश्रामबागेत राहणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी विंडोजच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स हा असे मशीन चालवणारा प्रोग्रॅम टाकून त्यात लिनक्स शिकतात. मार्केट यार्डातील एखाद्या हळद-बेदाण्याच्या पेढीवर जुने हिशेबाचे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही म्हणून विंडोज एक्सपी अशाच एका खिडकीत जपून ठेवलेले असते. या सर्वांकडून एक तक्रार हमखास येते, ती म्हणजे आवाज येत नाही, किंवा येतो पण तुटत येतो. अशा वेळी बहुतेक जण मिळेल तो उपाय करून पाहतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण प्रत्यक्ष संगणकासाठी सांगितलेला उपाय व्हर्च्युअल मशीनमध्ये बहुधा निरुपयोगी ठरतो आणि कधीकधी चांगली चालणारी व्यवस्थाही बिघडवतो.

प्रत्यक्ष संगणकात आवाजाचा दोष बहुतांशी वाटेत असतो: चुकीचा मार्ग निवडलेला, जॅक सैल झालेला, ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) नसलेला. व्हर्च्युअल मशीनमध्ये संपूर्ण शांतता असेल तर तो दोषही वाटेतलाच असतो, पण आवाज तुटत असेल, खरखरत असेल किंवा स्वर चढलेला असेल, तर दोष वेळेचा असतो. ध्वनीचा पुढचा तुकडा ज्या क्षणी हवा त्या क्षणी तो पोहोचत नाही. हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे ड्रायव्हर पुनःपुन्हा काढण्या-घालण्यात जाणारा वेळ वाचतो.

तपासणीसाठी काय वाजवावे

तपासणी करताना गाणे किंवा बातम्या लावू नयेत. बोलण्यात आणि गाण्यात मुळातच विराम असतात आणि लहानसा खंड त्यांत लपून जातो. मी यासाठी तानपुऱ्याचे दोन-तीन मिनिटांचे अखंड ध्वनिमुद्रण वापरतो, आणि मिरजेसारख्या तंतुवाद्यांच्या गावाजवळ राहणाऱ्यांना असे ध्वनिमुद्रण मिळवणे मुळीच कठीण नाही. तानपुऱ्याचा नाद सलग असल्यामुळे त्यात एक शतांश सेकंदाचा खंड पडला तरी कानाला टोचतो. एक काळजी मात्र घ्यावी. जवारी, म्हणजे घोडीवर तारेखालचा दोरा, नीट लागलेल्या तानपुऱ्याच्या नादात जो झणकार असतो, त्याची सवय नसलेल्या माणसाला तो खरखरीसारखा वाटू शकतो; म्हणून तीच फाइल आधी मोबाइलवर चांगल्या हेडफोनने ऐकून कान तयार करावा. फाइल वेव्ह स्वरूपाची, ४८,००० हर्ट्‌झची (म्हणजे सेकंदाला ४८,००० ध्वनिनमुने असलेली) आणि संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवलेली असावी. इंटरनेटवरून वाजवलेल्या ध्वनीत जोडणीचे अडथळेही मिसळतात आणि मग दोष कोणाचा हे ठरवता येत नाही.

ही फाइल प्रथम होस्टवर, म्हणजे मूळ संगणकावर वाजवावी. तिथेच आवाज बिघडलेला असेल, तर गेस्टच्या, म्हणजे आतल्या मशीनच्या सेटिंगला हातही लावू नये. ही पायरी इतकी साधी आहे की ती सर्रास गाळली जाते.

प्रत्यक्ष संगणकात पाहण्याच्या गोष्टी

प्रत्यक्ष संगणकावर आवाज अजिबात येत नसेल, तर ध्वनीची पातळी दाखवणारी पट्टी आधी पाहावी. विंडोजमध्ये ती साउंड सेटिंगमध्ये दिसते, तर लिनक्समध्ये पॅव्हूकंट्रोल या साधनात दिसते. पट्टी हलत असेल आणि कानाला काही ऐकू येत नसेल, तर सॉफ्टवेअरने आपले काम केलेले आहे आणि ध्वनी भलत्याच दाराने बाहेर पडतो आहे. बहुतेक वेळा ते दार एचडीएमआय असते: मॉनिटर जोडताच तो मुख्य आउटपुट म्हणून निवडला जातो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात. लिनक्समध्ये अल्सामिक्सर हे आवाजाचे साधन उघडून 'ऑटो-म्यूट' हा पर्यायही पाहावा. जॅकमध्ये काही खुपसलेले नसतानाही ते खुपसलेले आहे असे संगणकाला वाटत असेल, तर तो मुख्य स्पीकर बंद करून बसतो. आउटपुटच्या यादीत केवळ 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर लिनक्सला साउंड कार्ड सापडलेलेच नाही असे समजावे; अलीकडच्या इंटेल लॅपटॉपवर त्याचे कारण बहुधा 'साउंड ओपन फर्मवेअर'चे पॅकेज नसणे हे असते.

एकाच बाजूने आवाज येणे हा जवळजवळ नेहमी जॅकचा किंवा वायरचा दोष असतो. २०१९ च्या महापुरात आपल्याकडे तळमजल्यावरचे कितीतरी संगणक भिजले. असे भिजलेले यंत्र वाळवून पुन्हा चालू केले, तरी त्याच्या जॅकच्या पत्र्यावर चढलेला गंज नंतरही त्रास देत राहतो. अशा यंत्रात ड्रायव्हर बदलून काहीही साधत नाही. पाठीमागचा जॅक वापरून पाहावा किंवा स्वस्तातले यूएसबी साउंड कार्ड जोडावे.

सतत घुमणारी 'हूं' अशी घरघर येत असेल, तर ती विजेच्या ५० हर्ट्‌झ वारंवारितेची किंवा तिच्या दुपटीची असते आणि अर्थिंगशी निगडित असते. गावभागातील जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट बसवलेले असले तरी तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची तार असेलच असे नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली तर संगणक निर्दोष आहे आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ही घरघर व्हर्च्युअल मशीनमधून कधीच निर्माण होत नाही. ती गेस्ट चालू असताना ऐकू आली, तरी तिचा उगम बाहेरच असतो.

व्हर्च्युअल मशीन: संपूर्ण शांतता

होस्टवर तानपुरा स्वच्छ वाजला आणि गेस्टमध्ये शांतता असेल, तर दोन पट्ट्या एकाच वेळी पाहाव्यात: एक गेस्टमधील ध्वनिपातळीची आणि दुसरी होस्टच्या व्हॉल्यूम मिक्सरमधील व्हर्च्युअलबॉक्सच्या नावापुढची. गेस्टमधली पट्टी हलत नसेल, तर दोष गेस्टच्या आत आहे. गेस्टमधली हलते आणि होस्टच्या मिक्सरमध्ये व्हर्च्युअलबॉक्सचे नावच नसते, तेव्हा दोष दोघांमधल्या थरात आहे. नाव आहे, पण त्यापुढचा आवाज बंद केलेला आहे, असेही आढळते. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा लक्षात ठेवते, त्यामुळे कधीतरी बंद केलेला आवाज पुढे तसाच बंद राहतो.

मधल्या थरातील दोषासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या मशीनच्या सेटिंग्जमधील ऑडिओ विभाग उघडावा. तिथे 'एनेबल ऑडिओ' आणि 'एनेबल ऑडिओ आउटपुट' या दोन्ही चौकटींवर खूण हवी. 'होस्ट ऑडिओ ड्रायव्हर'मध्ये 'नल' निवडलेले असेल, तर गेस्टला आपण व्यवस्थित वाजवत आहोत असेच वाटत राहते आणि ध्वनी मात्र कुठेच जात नाही. कंट्रोलर, म्हणजे गेस्टला दाखवल्या जाणाऱ्या आभासी साउंड कार्डाचा प्रकार, बदलायचा असेल तर मशीन पूर्ण बंद करावे लागते. 'सेव्ह स्टेट' करून ठेवलेल्या मशीनमध्ये तो पर्याय बदलता येत नाही.

कंट्रोलरची निवड गेस्टच्या वयावर ठरते. विंडोज एक्सपीला 'आयसीएच एसी ९७' द्यावा, कारण त्याचा ड्रायव्हर एक्सपीसोबतच येतो आणि 'इंटेल एचडी ऑडिओ' ओळखण्यासाठी त्याला वेगळी भर घालावी लागते. विंडोज ७ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना 'इंटेल एचडी ऑडिओ' द्यावा; तिथे एसी ९७ दिला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह दिसते आणि आवाज येत नाही. डॉसवर चालणाऱ्या फार जुन्या प्रोग्रॅमसाठी 'साउंडब्लास्टर १६' आहे. हिशेबाच्या त्या जुन्या एक्सपीचे व्हर्च्युअल मशीन नव्याने बांधताना कोणी 'नवा म्हणजे चांगला' असे समजून एचडी ऑडिओ निवडतो आणि नंतर ड्रायव्हर शोधत बसतो. इथे जुनाच पर्याय योग्य असतो.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या इतर प्रणालींविषयी थोडक्यात सांगतो. हायपर-व्ही गेस्टला साउंड कार्ड देतच नाही. तिथे आवाज ऐकायचा असेल तर 'एन्हान्स्ड सेशन'ने किंवा रिमोट डेस्कटॉपने जोडून, जोडणीच्या पर्यायांत ध्वनी 'या संगणकावर वाजवा' असे निवडावे लागते. हायपर-व्हीच्या साध्या खिडकीत आवाज नाही म्हणून ड्रायव्हर शोधणे व्यर्थ आहे. लिनक्सवरील केव्हीएममध्ये मशीन बहुधा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि ध्वनीचा सर्व्हर तुमच्या लॉगिनचा असतो, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही; डिस्प्लेसाठी व्हीएनसीऐवजी 'स्पाइस' निवडले म्हणजे ध्वनी त्याच मार्गाने खिडकीपर्यंत येतो. व्हीएमवेअरमध्ये साउंड कार्डापुढील 'कनेक्ट ॲट पॉवर ऑन' ही खूण निघालेली असू शकते.

तुटणारा आवाज

खरी कसोटी इथे लागते. साउंड कार्ड खरे असो वा आभासी, ध्वनी बफरमधून, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातून, तुकड्या-तुकड्यांनी वाचला जातो. ४८,००० हर्ट्‌झला १,०२४ नमुन्यांचा तुकडा सुमारे २१ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्या अवधीत पुढचा तुकडा तयार असलाच पाहिजे, नाहीतर खंड पडतो आणि आपल्याला 'टक्' असे ऐकू येते. प्रत्यक्ष संगणकात साउंड कार्ड प्रोसेसरला इशारा देते आणि प्रोसेसर लगेच धावतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र गेस्टचा प्रोसेसर हा होस्टच्या दृष्टीने अनेक कामांपैकी एक काम असतो. होस्टने त्याला ३० मिलिसेकंद थांबवले, तर गेस्टला ते कळतही नाही, परंतु तानपुऱ्याचा नाद तेवढ्यात तुटलेला असतो.

हे पारखायची पद्धत अशी. गेस्टमध्ये तानपुरा चालू ठेवावा आणि होस्टवर एखादी मोठी फाइल कॉपी करावी किंवा ब्राउझरमध्ये चार जड पाने उघडावीत. खरखर त्याच क्षणी वाढली, तर दोष वेळेच्या टंचाईचा आहे. वीज गेल्यावरच खरखर सुरू होते अशी तक्रार असेल, तर तिच्यातही तथ्य असते: लॅपटॉप बॅटरीवर आला की पॉवर प्लॅन प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि आधीच काठावर चाललेले व्हर्च्युअल मशीन मागे पडते. अशा वेळी होस्टचा पॉवर मोड बदलावा. गेस्टमध्ये शोध घेऊन काही मिळणार नाही.

उपायांचा क्रम मी असा ठेवतो. प्रथम गेस्टला दिलेल्या प्रोसेसरची संख्या पाहावी. चार कोअरच्या लॅपटॉपवर गेस्टला चारही कोअर दिले तर तो वेगाने चालेल असे वाटते, पण प्रत्यक्षात होस्टला ध्वनी बाहेर सोडायलाच मोकळीक राहत नाही; दोन पुरेत. रॅमचेही तसेच आहे: आठ जीबीच्या यंत्रात गेस्टला सहा दिले की होस्ट रॅमऐवजी मंद डिस्क वापरू लागतो (स्वॅप) आणि आवाज लगेच तुटतो.

त्यानंतर विंडोज होस्टवर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीखालच्या पट्टीत हिरव्या कासवाचे चिन्ह दिसते का ते पाहावे. कासव दिसले तर व्हर्च्युअलबॉक्स प्रोसेसरच्या सोयी स्वतः न वापरता हायपर-व्हीच्या मार्फत चालत आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि त्यात गती घटते. हायपर-व्ही, 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म', विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या 'डब्ल्यूएसएल' या सोयीची दुसरी आवृत्ती किंवा 'कोअर आयसोलेशन'मधील 'मेमरी इंटिग्रिटी' यांपैकी काहीही चालू असले तरी असे होते. यांपैकी शेवटची गोष्ट सुरक्षेची आहे. शिकण्याच्या लॅपटॉपवर ती विचारपूर्वक बंद करता येईल, परंतु ज्या संगणकावर पेढीचे बँक व्यवहार होतात तिथे केवळ आवाजासाठी ती बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सर्व करूनही खंड राहिला, तर गेस्टमधला बफर वाढवावा. हल्लीच्या लिनक्समध्ये ध्वनीचे काम पाइपवायर पाहते. टर्मिनलमध्ये 'पीडब्ल्यू-टॉप' चालवले की 'ईआरआर' नावाचा स्तंभ दिसतो. तानपुरा वाजत असताना त्यातील आकडा वाढत असेल, तर तुकडे वेळेवर पोहोचत नाहीत याचा तो थेट पुरावा आहे. पाइपवायर आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून किमान तुकडा १,०२४ नमुन्यांचा ठेवते. तोही अपुरा पडला तर होम फोल्डरमधील 'कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात वायरप्लंबरचा (पाइपवायरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) नियम लिहून आउटपुटचा 'पीरियड-साइझ', म्हणजे तुकड्याचा आकार, १,०२४ आणि 'हेडरूम' २,०४८ किंवा त्याहून अधिक ठेवावा, व लॉगआउट होऊन पुन्हा लॉगिन करावे. हेडरूम म्हणजे उशीर झाला तरी तोल सांभाळण्यासाठी ठेवलेली जास्तीची शिल्लक. पाइपवायरच्या आधीच्या पल्सऑडिओवर 'टीशेड' हा, टायमरवर ध्वनी पुरवण्याचा, पर्याय शून्य करण्याचा उपाय सुचवला जातो. व्हर्च्युअल मशीन ओळखता आले की पल्सऑडिओ ते स्वतःच करते, त्यामुळे ते ओळखले गेले नसेल तरच हाताने करण्याची गरज पडते.

प्रत्यक्ष संगणकातही आवाज तुटतो, पण तिथे दोषी बहुधा एखादा ड्रायव्हर असतो. विंडोजवर 'लेटन्सीमॉन' चालवून कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते पाहावे, आणि वाय-फाय बंद करून फरक पडतो का ते ऐकावे. लिनक्सवर गाण्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी फक्त एक 'टप्प' येत असेल, तर साउंड कार्डाची वीजबचत बंद करावी. ती व्हर्च्युअल मशीनमध्ये बंद करून मात्र उपयोग नाही.

स्वर चढलेला किंवा उतरलेला

हा दोष कमी आढळतो, पण संगीताशी संबंध असणाऱ्याला तो सर्वांत असह्य होतो. ४४,१०० हर्ट्‌झचा ध्वनी ४८,००० हर्ट्‌झच्या गतीने वाजला, तर तो सुमारे पावणेनऊ टक्के जलद होतो आणि 'सा' चढून कोमल रिषभ व शुद्ध रिषभ यांच्या मधोमध जाऊन बसतो. मिरजेतील कोणताही वाद्यकारागीर हे पहिल्या झंकारात सांगेल. संगणकाची पट्टी मात्र सर्व काही आलबेल दाखवत राहते. कान असा लावावा: लय आणि स्वर दोन्ही एकदमच बदलले असतील तर दोष घड्याळाचा आहे; स्वर जागेवर असून लय अडखळत असेल, तर तो वर सांगितलेला खंडाचाच प्रकार आहे.

लिनक्स गेस्टला एसी ९७ कंट्रोलर दिलेला असेल, तर त्याचा 'एसएनडी-इंटेल८एक्स०' हा ड्रायव्हर सुरू होताना साउंड कार्डाचे घड्याळ स्वतः मोजून पाहतो. प्रत्यक्ष यंत्रात ही मोजणी योग्य ठरते. व्हर्च्युअल मशीनमध्ये मोजणी चालू असतानाच होस्टने गेस्टला थांबवले, तर उत्तर चुकते, आणि तो चुकीचा आकडा मशीन बंद होईपर्यंत कायम राहतो. म्हणूनच हा दोष एखाद्या दिवशी असतो आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर नाहीसा होतो, ज्यामुळे लोक गोंधळतात. कर्नलच्या नोंदींत 'क्लॉकिंग टू' या शब्दांपुढे ४८००० सोडून वेगळा आकडा दिसला तर खात्री पटते. मॉडप्रोबच्या (लिनक्समध्ये ड्रायव्हर सुरू करणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये या ड्रायव्हरला 'एसी९७_क्लॉक' ४८००० असे ठाम सांगून ठेवता येते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे कंट्रोलर बदलून 'इंटेल एचडी ऑडिओ' करणे, कारण तिथे ही मोजणीच होत नाही.

मायक्रोफोन आणि यूएसबी

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ऑडिओ इनपुट मुळात बंद असते. ते वेगळी खूण करून चालू करावे लागते, आणि विंडोज होस्टच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप प्रोग्रॅमना मायक्रोफोनची परवानगीही असावी लागते. ब्लूटूथ हेडसेट वापरणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावे. गेस्टने मायक्रोफोन उघडताच हेडसेट संभाषणाच्या मोडमध्ये जातो आणि ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जाही टेलिफोनसारखा पडतो. हा होस्टवरील ब्लूटूथचा गुण आहे. इनपुटची गरज नसेल तर ते बंद ठेवावे, आणि गरज असेल तर वायरचा हेडफोन घ्यावा.

यूएसबी साउंड कार्ड थेट गेस्टच्या ताब्यात देता येते, परंतु तसे केले की ते होस्टवरून नाहीसे होते, आणि ध्वनीसाठी लागणारी ठराविक कालांतराची यूएसबी देवाणघेवाण आभासी थरातून नेताना पुन्हा वेळेचाच प्रश्न उभा राहतो. गेस्टच्या नेहमीच्या साउंड कार्डावर आवाज स्वच्छ येत असेल, तर हा मार्ग धरू नये.

रियाजाचे किंवा वाद्याचे ध्वनिमुद्रण गेस्टमध्ये करून त्याच वेळी ते ऐकायचे असेल, तर एक हिशेब आधीच मांडावा. १,०२४ नमुन्यांचा तुकडा आणि २,०४८ ची हेडरूम मिळून सुमारे ६४ मिलिसेकंद होतात, आणि होस्टचा स्वतःचा बफर त्याहून वेगळा. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते, म्हणजे ऐकू येणारा तबला पाव मात्रा मागे पडतो. हेडरूम कमी केली तर खरखर परत येते. त्यामुळे ध्वनिमुद्रण होस्टवरच करावे आणि गेस्टमधील एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर काम करायचे असल्यास तयार फाइल 'शेअर्ड फोल्डर'मधून आत द्यावी. फाइल ४८,००० हर्ट्‌झलाच जतन केली, तर आत दर बदलण्याचे कामही उरत नाही.